गोणीवरचा ल

आईला कमळातला क काही केल्या लागला नाही.
रात्रवर्गाच्या बाई तक्त्यावर छडी टेकवायच्या,
आई म्हणायची, कमळ मी विकते का?
कोथिंबीर असेल तर दाखवा.
तिसऱ्या आठवड्यात तिनं जाणं सोडलं.

जेल रोडच्या वळणावर तिची भाजीची पाटी.
समोरच्या बाकावर पगारेमामा,
प्रेसमधून रिटायर झालेले, नोटांच्या तपासणीतले.
अडतीस वर्षं रोज गेटवर झडती देऊन
घरी आलेला माणूस.
खिशातून कागदाचा कपटासुद्धा कधी बाहेर आला नाही,
आली ती नजर.
निरोपाचं घड्याळ त्यांनी पुतण्याला देऊन टाकलं
आणि मेन रोडवरून स्वतःच्या पैशानं
एक भिंग घेतलं,
सवय मोडेना म्हणून.

एका दुपारी गिऱ्हाईक नव्हतं.
मामांनी तिच्याच पिशवीतली दहाची नोट
पालथी केली, वर भिंग धरलं.
ही उभी पट्टी बघ. वरून आठवी ओळ आपली.
आई मोजत खाली आली, बोटाला मेथीची माती.
मोजणं तिला येतच होतं.
द. हा.
आता वीसची काढ. आता पन्नासची.
'रुपये' सगळीकडे तेच, म्हणून ते आधी पाठ झालं.

सहाव्या ओळीवर मात्र ती थांबली.
अक्षर तर आपलंच, मग इथं 'धा' कसं?
ती कोकणी, मामा म्हणाले.
आई म्हणाली, काहीतरीच. माझा बाप धाच म्हणायचा,
आणि तो सिन्नरच्या पुढे कधी गेला नव्हता.

त्यानंतर तिचा काही भरवसा राहिला नाही.
हिंगाची डबी, शाम्पूची पुडी,
भिंतीवरचं 'येथे थुंकू नये',
वजनावरचे पाचशे ग्रॅम, सगळं मोठ्यानं.
मी आठवीत होते. मैत्रिणी तिथूनच जायच्या.
एका फाटकावरचं 'नो पार्किंग'
तिनं तीन दिवस घरमालकाचं नाव समजून वाचलं,
चौथ्या दिवशी मला विचारलं,
हे पार्किंग आडनावाचे लोक कुठले गं?
मी उत्तर न देता शाळेत गेले.
ते अजून आठवतं.

तिला तिचं नाव लिहायचं होतं. लहानुबाई.
ह आणि न नोटांनी दिले.
ब मिळाला बिटकोच्या बसच्या पाटीवर,
कंडक्टर बेल मारेपर्यंत ती ते अक्षर बघत उभी.
ई तेवढी माझ्या वहीतून.
ल कुठे सापडेना.
शंभरात नाही, पाचशेत नाही.
मग एका पहाटे कांद्याची गोणी उतरवताना
तिच्या तोंडासमोरच आला,
पत्र्याच्या साच्यातून मारलेला, काळा, हाताएवढा:
लासलगाव.

साच्याच्या अक्षराला मध्ये फटी असतात.
तिनं त्या फटींसकट उचललं.

परवा उपनगरच्या बँकेत
काउंटरवरचा मुलगा म्हणाला,
मावशी, हा ल मध्ये तुटलाय, जोडून घ्या.
आईनं चष्मा वर केला, नीट पाहिलं.
तुटलेला नाही, म्हणाली. तो असाच असतो.
फट नसली तर साचा हातात राहील का?

मुलाला कळलं नाही. मलाही तेव्हा पूर्ण नाही.

संध्याकाळी तिनं पासबुक मामांना दाखवलं.
मामांचा डावा डोळा आता गेल्यात जमा,
उजव्याला भिंग लावून
बराच वेळ ते त्या सहीवर वाकून राहिले,
पूर्वी नोटेवर वाकत असतील तसे.
मग म्हणाले,
लहानुबाई, हिची नक्कल कुणाला जमायची नाही.

कोण करतंय माझी नक्कल, आई म्हणाली,
आणि पालकावर पाणी मारलं.